परदेशी व्यापार-दौरा : दहा दिवसांत मुले काय शिकतात?

पुण्याहून पौड रस्त्याला लागले की भूगाव जाते, पिरंगुट येते, आणि घोटवडे फाट्यावरून आत वळले की भरे गाव लागते. मुळशी तालुक्याचा हा भाग एके काळी भातखाचरांचा. आंबेमोहोर तांदळासाठी मुळशीचे नाव आजही घेतले जाते. आता याच पट्ट्यात पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, भरे अशी कारखान्यांची वस्ती वाढली आहे. शेजारी लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठे उभी आहेत. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या वर्गांत आता मणियार, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा घरांतील मुले-मुलीही बसू लागली आहेत. ज्या घरात आजवर वही-खात्यापलीकडे व्यापाराचे शिक्षण नव्हते, तेथे ही मोठीच गोष्ट आहे.

मग एके दिवशी मुलगा घरी कागद घेऊन येतो. महाविद्यालयातर्फे दुबईला, सिंगापूरला किंवा जर्मनीला आठ-दहा दिवसांचा अभ्यास-दौरा निघणार आहे. इतके इतके पैसे अमुक तारखेपर्यंत भरावेत. वडील गल्ल्यावर बसून कागद दोनदा वाचतात. एवढ्या पैशात दुकानात माल भरता येईल, एखादे यंत्र घेता येईल. हा दौरा म्हणजे शिक्षण, की श्रीमंतांच्या मुलांची सहल? मुलाला ‘नको’ म्हणावे तर तो मागे पडेल अशी धास्ती. ‘हो’ म्हणावे तर खिशाला भोक. अशा वडिलांसाठी हा लेख आहे. दौऱ्यातून काय मिळते, काय मिळत नाही, आणि मिळायचे ते पदरात पडावे म्हणून घरच्यांनी काय करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दौऱ्यात असते तरी काय?

साधारणपणे अशा दौऱ्यात चार गोष्टी असतात. एक, तेथील एखाद्या महाविद्यालयात काही व्याख्याने. दोन, कारखाना, बंदर, गोदाम किंवा घाऊक बाजार यांना भेटी. तीन, तेथे धंदा करणाऱ्यांशी बोलणे. चार, शहर पाहणे. पहिल्या तीन गोष्टी अभ्यासाच्या, चौथी सहलीची. चौथीत गैर काही नाही; परंतु दहा दिवसांपैकी सात दिवस चौथीतच जाणार असतील तर तो अभ्यास-दौरा नव्हे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी रोजचा कार्यक्रम लेखी मागावा. त्यात किती तास कारखान्यात आणि बाजारात जाणार हे मोजावे. बाजारात आपण तागा मोजून घेतो, डझन मोजून घेतो; दौराही तसाच मोजून घ्यावा.

पहिला लाभ : भावाची फोड कळते

‘चीनमध्ये हीच वस्तू निम्म्या भावात मिळते’ हे वाक्य बाजारात रोज ऐकू येते. मिळतही असेल. परंतु तेथील भाव आणि आपल्या दुकानापर्यंतचा भाव यांत किती पायऱ्या असतात हे फार थोड्यांना ठाऊक असते.

समजुतीसाठी एक हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. कारखान्याच्या दारात वस्तू १०० रुपयांना मिळाली. बांधणी आणि तेथील बंदरापर्यंतची वाहतूक ६ रुपये. जहाजावर चढवलेल्या मालाचा हा १०६ रुपये भाव म्हणजे ‘एफओबी’. त्यावर जहाजभाडे आणि विमा १२ रुपये. आपल्या बंदरापर्यंतचा हा ११८ रुपये भाव म्हणजे ‘सीआयएफ’. त्यावर २० टक्के आयात-शुल्क धरले तर २३ रुपये ६० पैसे. झाले १४१ रुपये ६० पैसे. कस्टम्सचा दलाल आणि न्हावा-शेव्याहून ट्रक ९ रुपये. झाले १५० रुपये ६० पैसे. शंभरांत ५ नग फुटके निघाले तर उरलेल्या ९५ नगांवर खर्च वाटला जातो आणि प्रत्येक नग सुमारे १५८ रुपये ५० पैशांना पडतो. जीएसटी वेगळाच; नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो पुढे वळता करून घेता येतो, परंतु तोवर तेवढे भांडवल अडकून पडते.

आता ज्याने ‘तिकडे शंभराला आहे’ एवढेच ऐकून गिऱ्हाइकाला १५० रुपये भाव कबूल केला, त्याचे काय झाले असेल? नगामागे साडेआठ रुपयांचा तोटा, आणि शब्द गेला तो वेगळाच. विद्यार्थी ही फोड पुस्तकात वाचतो तेव्हा ती परीक्षेपुरती राहते. तोच विद्यार्थी दुबईच्या जेबेल अलीसारख्या बंदराजवळ उभा राहून कंटेनर उतरताना पाहतो, गोदामवाल्याला एका दिवसाचे भाडे विचारतो, तेव्हा ती डोक्यात पक्की बसते. जेबेल अली बंदर १९७९ साली सुरू झाले आणि १९८५ साली त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र निघाले. तेथे माल आणून साठवता येतो आणि दुसऱ्या देशी पुढे पाठवता येतो; मुक्त क्षेत्राबाहेर स्थानिक बाजारात नेला तरच तेथील आयात-शुल्काचा प्रश्न येतो. मधल्या ठिकाणी बसून पुढचा व्यापार कसा करतात याचा हा जिवंत धडा आहे.

दुसरा लाभ : गिऱ्हाइकाच्या देशाची अट समजते

आपला कारागीर मालात कसूर करतो असे नाही. परंतु आपला चांगला माल आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या कायद्यात बसणारा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचा अंश तेथील मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल अडकला. द्राक्षे दिसायला, चवीला उत्तम होती. परंतु तेथील प्रयोगशाळेने चव पाहिली नाही, अंश मोजला. पुढे फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. मधला हंगाम गेला तो गेलाच.

समजा, फळांच्या घाऊक धंद्यातील एका बागवान घरची मुलगी अशा दौऱ्यात दुबईच्या अल अवीर फळबाजारात गेली. तिने तेथे काय पाहावे? आंबा किती किलोच्या पेटीत आहे. पेटीवर कोणता मजकूर, कोणत्या भाषांत छापला आहे. एका पेटीतील फळे एकाच वजनाची आहेत की वर मोठी आणि खाली लहान. शीतगृहाचे तापमान किती. पाकिस्तानचा, येमेनचा आणि आपला माल शेजारी-शेजारी असताना गिऱ्हाईक हात कोठे घालते. ही पाच उत्तरे घेऊन ती मार्केट यार्डातल्या आपल्या गाळ्यावर आली तर वडिलांच्या तीस वर्षांच्या अनुभवाला तिची नवी माहिती जोडली जाईल. खजुराचे, अत्तराचे, चामड्याचे, भरतकामाचेही असेच आहे. माल कोणता का असेना, तो दुसऱ्या टोकाला कोण हातात घेतो आणि काय पाहून नाकारतो, हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

तिसरा लाभ : हलाल भांडवलाचे मार्ग पाहायला मिळतात

व्याजाला नकार देणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना नेहमी ऐकवले जाते की व्याजाशिवाय आजचा व्यापार चालूच शकत नाही. दुबई किंवा क्वालालंपूरला जाणाऱ्या विद्यार्थ्याने याची शहानिशा तेथे जाऊन करावी. दुबई इस्लामिक बँक १९७५ साली सुरू झाली, बँक इस्लाम मलेशिया १९८३ साली. मलेशियात हाजी लोकांच्या बचतीसाठी १९६३ साली निघालेली संस्था पुढे ‘ताबुंग हाजी’ म्हणून नावारूपाला आली.

तेथे विद्यार्थ्याने दोन शब्द नीट समजून घ्यावेत. पहिला ‘मुराबहा’ : बँक माल स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून व्यापाऱ्याला तो विकते, पैसे हप्त्याने द्यायचे, पण ठरलेली रक्कम वाढत नाही. दुसरा ‘मुदारबा’ : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा, तोटा आलाच आणि मेहनत करणाऱ्याने हयगय केलेली नसेल तर भांडवलाचे नुकसान भांडवलवाल्याचे. आपल्याकडे दोन भाऊ किंवा दोन मित्र असा व्यवहार तोंडी करतात आणि पुढे भांडतात. तेथे तोच व्यवहार कागदावर, अटींसह कसा बांधला जातो हे पाहिलेला मुलगा घरच्या भागीदारीचा कागद तरी नीट लिहील.

चौथा लाभ : भीड मोडते

आपल्या मुलांत हुशारी कमी नाही. भीड जास्त आहे. इंग्रजी अडखळते, म्हणून ती मागच्या बाकावर बसतात आणि प्रश्न मनातच ठेवतात. परदेशी बाजारात गेल्यावर त्यांच्या ध्यानात येते की जपानी, जर्मन, चिनी, अरब व्यापारीही अडखळत इंग्रजी बोलतात आणि लाखोंचे सौदे करतात. सौद्याला लागते ती भाषा म्हणजे भाव, वजन, तारीख आणि शब्द पाळणे. नऊ वाजताची भेट म्हणजे नऊ. पत्राला त्याच दिवशी उत्तर. नमुना दाखवला तोच माल. या गोष्टी मुलगा एकदा अंगवळणी पाडून आला तर दुकानाची चाल बदलते.

काय मिळत नाही

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दहा दिवसांत नोकरी मिळत नाही, तेथे राहण्याचा परवाना मिळत नाही, कोणी निर्यातदार होत नाही. दौऱ्याच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक. त्याला पाहून कोणी माल उधार देणार नाही. दहा दिवसांत कसबही येत नाही. कसबाला वर्षे लागतात, उस्ताद लागतो. दौरा फक्त दार दाखवतो.

आणखी एक गोष्ट. रत्नागिरी, रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांतील माणसे बोटीवर गेली, पुढे १९७० नंतरच्या काळात आखातात गेली. पुण्या-सोलापूरची, मराठवाड्याचीही गेली. कोणी तेथील गोदामात वीस वर्षे काढली, कोणी दुकानात. परदेशचा माल, भाव, गिऱ्हाईक यांच्याइतके जवळून कोणी पाहिले? तरी त्या माहितीतून इकडे फार थोडे धंदे उभे राहिले. घरे बांधली, बहिणींची लग्ने केली, हे पुण्याचेच काम. परंतु ‘मामू, तुमच्या गोदामात माल कोठून येतो, कोणत्या भावाने येतो, एकदा लिहून द्या’ असे इकडून त्यांना कोणी विचारले नाही. पाहणे आणि शिकणे यांत अंतर पडते ते येथे. ज्याला कोणी विचारणारे आहे, तो पाहतो ते टिपून ठेवतो. बाकीच्यांचे पाहिलेले विरून जाते. दौऱ्यावर जाणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला

मुळशीला लागून मावळ तालुका आहे आणि त्यात तळेगाव दाभाडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. देशी उद्योगासाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, अशी ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना आणि त्याबरोबर काचकामाचे शिक्षण सुरू झाले. तेथे काम शिकवायला मिळाले ते ईश्वरदास वार्ष्णेय. जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेले हे गृहस्थ. तळेगावात तयार झालेले कारागीर पुढे इतर काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय यांनी स्वतःही नंतर उत्तर प्रदेशात बहजोई येथे कारखाना काढला. ज्यांचा धंदाच काचेच्या बांगड्यांचा, त्या आपल्या मणियार बांधवांनी तरी हा इतिहास लक्षात ठेवावा.

दुसरा दाखला ख्वाजा अब्दुल हमीद यांचा. अलीगढचा हा तरुण जर्मनीला गेला, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टर झाला आणि परत येऊन १९३५ साली मुंबईत त्याने औषधांची कंपनी काढली. तीच आजची सिप्ला. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजला शिकले. २००१ साली याच कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी खर्चात देऊ केला, तेव्हा जगाचे डोळे विस्फारले. कुरकुंभला, म्हणजे पुणे जिल्ह्यातच, या कंपनीचा कारखाना आहे.

ही मंडळी दहा दिवसांसाठी गेली नव्हती, वर्षे काढून आली होती, हे खरे. परंतु दोन्ही दाखल्यांत एक समान धागा आहे. परत आल्यावर त्या विद्येला इकडे काम मिळाले. तळेगावात भट्टी होती, शिकायला बसलेले कारागीर होते. हमीद यांनी परदेशी शिकलेले रसायनशास्त्र स्वतःच्या कारखान्यात उतरवले. तेच काम मिळाले नसते तर दोघांचीही पदवी भिंतीवर राहिली असती. तुमच्या मुलाच्या दहा दिवसांचीही कसोटी हीच : घरी परतल्यावर त्याच्या माहितीला दुकानात जागा आहे काय?

मुलींचे काय?

वर्गात मुलगी पहिली येते. दौऱ्याच्या यादीत मात्र तिचे नाव नसते. पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. पण काळजीचे उत्तर चौकशी आहे, सरसकट नकार नव्हे. शिक्षिका सोबत आहेत काय, मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे काय, रात्रीचा कार्यक्रम काय, हलाल जेवण आणि नमाजची सोय आहे काय, त्या शहरात आपले कोणी नातलग आहेत काय, हे विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील तर मुलीला अडवू नये.

या ठिकाणी एक गोष्ट आठवावी. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) सुमारे २५ वर्षांचे असताना व्यापाराचा माल घेऊन शाम देशी गेले होते. बरोबर मैसरा नावाचा सेवक होता. परत येऊन त्यांनी चोख हिशेब दिला आणि नफा नेहमीपेक्षा अधिक झाला. ज्या मालाचा हा प्रवास, त्याची मालकीण हजरत खदीजा (रजि.) ही एक स्त्री होती. काफिला कोणाच्या हाती सोपवावा हे तिने ठरवले, अटी तिने ठरवल्या, हिशेब तिने घेतला. आपल्या मुलींना व्यापार पाहू न देण्याचे कारण त्या इतिहासात तरी सापडत नाही.

पैसा कोठून आणावा?

माझे स्पष्ट मत असे की दहा दिवसांच्या दौऱ्यासाठी व्याजाचे कर्ज काढू नये आणि दुकानाचे चालते भांडवलही मोडू नये. प्रवेश घेतानाच पुढे दौरा आहे काय हे विचारून दोन वर्षे थोडे थोडे बाजूला टाकावे. भिशीचा नंबर त्या वेळी घ्यावा. नातलगांकडून कर्जे-हसना मिळाल्यास ते लिहून घ्यावे व तारखेला फेडावे. सरकारच्या ज्या परदेशी शिष्यवृत्त्या आणि अल्पसंख्याकांसाठीच्या महामंडळांची जी शैक्षणिक कर्जे आहेत, ती मुख्यतः पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत, अशा छोट्या दौऱ्यासाठी नव्हेत. ‘पढो परदेश’ ही केंद्राची व्याज-सवलत योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने कोणी अर्ज भरून घेत असेल तर सावध राहावे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर आयकर खात्याचा ‘टीसीएस’ घेतला जातो. तो ज्याच्या पॅन क्रमांकावर जमा होतो त्याला विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. म्हणून पावती आणि पॅन क्रमांक पाहूनच पैसे भरावेत. अनेक पालक हा पैसा विसरून जातात.

आणि ऐपत नसेल तर? मुलाने खट्टू होऊ नये. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर मुळशीपासून काही तासांवर आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. परदेशी विक्रेते तेथे आपल्या पायांनी येतात. फिरोजाबादच्या काचभट्ट्या, मुरादाबादचे पितळकाम, भिवंडी-मालेगावचे माग पाहायला पासपोर्ट लागत नाही. वर सांगितलेले निम्मे शिक्षण रेल्वेच्या तिकिटात होते.

निघण्यापूर्वी

जाणाऱ्या मुलाने आधी आठ दिवस आपल्या दुकानात किंवा कारखान्यात बसावे. अब्बांना, काकांना, जुन्या कारागिराला एकच विचारावे : ‘तुम्हाला तिकडचे काय जाणून घ्यायचे आहे?’ त्यातून तीन प्रश्न निवडावेत आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. आपल्या मालाचे दोन-तीन हलके नमुने बरोबर घ्यावेत. त्या शहरात नातलग असतील तर महाविद्यालयाची परवानगी काढून त्यांच्या कामाची जागा पाहावी.

महाविद्यालयाला विचारायचे ते असे : व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील काय, प्रवासाचा आणि आजारपणाचा विमा आहे काय, बरोबर शिक्षक किती, खर्चात काय धरले आहे आणि काय नाही. उत्तरे लेखी घ्यावीत.

सामानाबाबत कडक राहावे. कोणाची पिशवी, कोणाचे पार्सल, कोणाचे ‘एवढे तेवढे’ बरोबर नेऊ नये, मग तो शेजारी असो की नातलग. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेण्यास बंदी आहे. काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवरही तेथे निर्बंध आहेत. औषध घ्यावेच लागत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी ठेवावी आणि त्या देशाचा नियम आधी पाहावा. अजाणतेपणा तेथे कामी येत नाही.

परतल्यावर

खरा दौरा येथून सुरू होतो. पहिल्या आठवड्यात मुलाने तीन पाने लिहावीत, मराठीत किंवा उर्दूत, घरच्यांना वाचता येतील अशी. पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे. दुसऱ्यावर भेटलेल्या माणसांची नावे, कामे आणि संपर्क. तिसऱ्यावर आपल्या धंद्यात महिन्याभरात करता येईल असा एकच बदल. तो मोठा असण्याची गरज नाही. पेटीवर वजन आणि तारीख छापणे, फुटका माल वेगळा नोंदणे, नमुन्यांना क्रमांक देणे, उधारीची मुदत लिहून घेणे, एवढेही पुरे. परदेशी व्यापार खरोखर करायचा असेल तर आयात-निर्यात संकेतांक लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. मुलगा तो भरू शकतो.

आणि वडिलांनी एक करावे. मुलगा बोलू लागला की ‘तुला काय कळते, आम्ही इतकी वर्षे धंदा करतो’ हे वाक्य तोंडातून काढू नये. निदान तो एक बदल त्याला करू द्यावा, तीन महिने पाहावा, फायदा झाला तर ठेवावा, नाही तर सोडावा. अनेक घरांत खर्च केलेला दौरा वाया जातो तो परदेशात नव्हे, याच ओट्यावर.

मोहल्ल्यातील व्यापारी मंडळींनीही असे करता येईल. परतलेल्या मुला-मुलीला एखाद्या रविवारी अर्धा तास बोलवावे, पाहिलेले सांगायला लावावे, आणि वीस जणांनी प्रश्न विचारावेत. पैसे एका घराचे गेले, शिक्षण वीस घरांचे होईल. पैसा फंडाने शतकापूर्वी तळेगावात हेच केले. फक्त त्यांनी पैसा आधी गोळा केला होता.

तेव्हा गल्ल्यावर तो कागद घेऊन बसलेल्या वडिलांनी मुलाला आधी त्याचे तीन प्रश्न विचारावेत. प्रश्न तयार असतील आणि ऐपत असेल तर जरूर पाठवावे. प्रश्न नसतील तर पुढच्या वर्षापर्यंत त्याला दुकानात बसवावे. प्रश्न तेथे आपोआप तयार होतील. अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या प्रवासात खैर आणि व्यापारात बरकत देवो.